परत फिरण्याची हिंमत

गेल्या मे महिन्यात गोव्यात ग्रँड आयलंडकडे निघालो होतो. तिथे समुद्रतळाशी जुन्या मालवाहू जहाजाचे अवशेष आहेत. माझी पहिलीच डुबकी. वाटेत वारा वाढला, होडी डोलू लागली, उलट्या सुरू झाल्या. "पैसे भरलेत सर, मारा उडी!" सोबतचे म्हणाले. मी नाही म्हणालो. दोघे-तिघे हसले.

डायव्हिंगचा साधा नियम आहे: कोणीही, केव्हाही, कारण न देता डुबकी रद्द करू शकतो. १० मीटर खोलीवर शरीरावरचा दाब दुप्पट होतो. तिथून घाबरून, श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसाला इजा होते, जीवही जाऊ शकतो.

आम्ही कोकणी मुसलमान. घरोघरी खलाशी. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात बुडाली, सहाशेंहून अधिक माणसे गेली. किनाऱ्यावरचे जुने लोक म्हणूनच दर्याशी पैज लावत नाहीत.

शिक्षक म्हणून मला वाटते, मुलांना 'घाबरू नकोस' एवढेच शिकवून भागत नाही. चारचौघांत 'मला जमणार नाही' म्हणता येणे, हेही शिकवायला हवे. जहाज तिथेच आहे. हिवाळ्यात, शांत पाण्यात पुन्हा जाईन.