दारावरचा रखवालदार बदलायचा का?

संगणक सुरू केला की नाव आणि पासवर्ड विचारणारा पडदा येतो ना? तो दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला म्हणतात लॉगिन मॅनेजर, म्हणजे संगणकाच्या दारावरचा रखवालदार. लिनक्समध्ये जीडीएम, एसडीडीएम, लाइटडीएम असे बरेच रखवालदार आहेत. हवा तो नेमता येतो.

मागच्या उन्हाळ्यात, नागपूरच्या भर दुपारी, भाचा कूलरसमोरून ओरडला, "मामा, हा पासवर्ड काहून घेत नाही? कालपर्यंत तर घेत होता!" संध्याकाळपर्यंत स्पर्धेचा निबंध पाठवायचा होता आणि निबंध आत अडकलेला! त्याच्या मित्राने लगेच सल्ला दिला, "जीडीएम काढून टाक, लाइटडीएम घाल."

सल्ला अगदीच वेडगळ नव्हता. जीडीएम आपला पडदा गनोमच्याच यंत्रणेतून रंगवतो, त्यामुळे जास्त मेमरी खातो. आमचा संगणक तर जुना. उबुंटूनेही २०११ साली जीडीएम सोडून लाइटडीएम घेतला होता. पण २०१७ मध्ये ते पुन्हा जीडीएमकडे आले! शिवाय आम्ही वापरतो गनोम, आणि त्याचं पडद्याचं कुलूप जीडीएमच्या भरवशावर चालतं. जीडीएम गेला की ते कुलूपही गेलं. घरात एक्सएफसीई असतं, तर मी लाइटडीएम डोळे मिटून घातला असता.

मी आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबलं. नुसत्या अक्षरांचा काळा पडदा आला. (रखवालदार बदलताना काही फसलं, तर हीच मागची खिडकी कामी येते.) तिथे तोच पासवर्ड झटकन चालला! म्हणजे पासवर्ड बरोबर होता. मग चुकत काय होतं?

जीडीएमच्या पडद्यावर परत आलो. कोपऱ्यात पाहतो तर कीबोर्डची भाषा मराठी! निबंधासाठी भाच्याने आदल्या दिवशी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला होता, तोच लॉगिनलाही लागू झाला. समजा पासवर्ड 'एन-ए-जी-पी-यू-आर' आहे. (इतका सोपा ठेवू नका बरं!) त्याच कळा इनस्क्रिप्टमध्ये दाबल्या की उमटतं 'लोुजही'. पडद्यावर दिसतात नुसते ठिपके, मग कळणार कसं?

कोपऱ्यातून इंग्रजी निवडलं, दार उघडलं. जीडीएम आजही तिथेच आहे. निबंध साडेसहाला गेला, आणि भाच्याने कीबोर्डच्या यादीत इंग्रजी सगळ्यात वर नेऊन ठेवलं.