समजून घ्या : आरएनएचे संशोधन सालेकशापर्यंत पोहोचणार कधी?

सिकलसेलवरील पहिल्या स्वदेशी जीन थेरपीची घोषणा केंद्र सरकारने १९ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत केली. बिरसा मुंडा यांच्या १५०व्या जयंती वर्षात तिला नाव मिळाले 'बिरसा १०१'. नाव आदिवासी नायकाचे आहे. उपचार आदिवासी रुग्णापर्यंत पोहोचतो का, हे मात्र गोंदिया, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतच ठरणार आहे.

आजार काय आहे?

हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलते. 'जीएजी'च्या जागी 'जीटीजी' येते, तीच चूक आरएनएच्या प्रतीत उतरते आणि लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्या रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात, अवयव निकामी होऊ लागतात. कोडमधला एक कॅरॅक्टर चुकावा आणि अख्खी सिस्टीम कोसळावी, तसे हे आहे. विदर्भाला हे नवीन नाही. मध्य भारतातील सिकलसेलवरचा नागपूरच्या डॉक्टरांचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये १९५८ सालीच छापून आला होता.

आरएनएचा संबंध कुठे?

क्रिस्पर ही जीवाणूंची विषाणूंपासून बचाव करण्याची यंत्रणा. त्यात कॅस९ हे प्रथिन कात्रीचे काम करते आणि कुठे कापायचे, तो पत्ता आरएनएचा छोटा तुकडा सांगतो. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी २०१२ मध्ये हे साधन मांडले आणि २०२० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. डाउडना यांची आधीची अनेक वर्षे आरएनएची रचना समजून घेण्यात गेली होती. त्यातून एखादे औषध निघेल, असे तेव्हा कुणी म्हटले नव्हते.

दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआर प्रयोगशाळेतील देबज्योती चक्रवर्ती यांचा प्रवासही असाच. जर्मनीत ड्रेस्डेनला ते प्रथिने न बनवणाऱ्या लांब आरएनएंवर काम करत होते. दिल्लीत सौविक मैती यांच्यासोबत त्यांनी वेगळ्या जीवाणूतील कॅस९ निवडले. कारण साधे होते. पत्ता किंचित चुकला तर नेहमीची कात्री भलत्या ठिकाणीही चालते, हे प्रथिन मात्र फारच काटेकोर आहे. २०१९ च्या शोधनिबंधात त्यांच्या चमूने रुग्णाच्या पेशींपासून बनवलेल्या मूलपेशींत सिकलसेलची चूक दुरुस्त करून दाखवली. त्याच प्रथिनातून २०२० मध्ये 'फेलुदा' ही कोरोना चाचणी आली. सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचे हे नाव.

मग अडचण काय?

पहिली अडचण पैशांची. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या 'कॅसजेव्ही' या क्रिस्पर उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. 'बिरसा १०१'साठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला असून उपचार स्वस्त असेल, असे सांगितले जाते. पण संशोधन जनतेच्या पैशांतून झाले आहे. त्यामुळे किमतीची अट करारात काय आहे, हे जनतेसमोर यायला हवे.

दुसरी अडचण उपचाराच्या पद्धतीची. रुग्णाच्या मूलपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत दुरुस्त करायच्या, केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करायची आणि पेशी परत सोडायच्या. यात कित्येक आठवडे मोठ्या रुग्णालयात जातात. सालेकसा किंवा देवरीच्या मजुराने तेवढे दिवस रोजी बुडवायची कशी? सोबत कोण राहणार?

तोवर काय करता येईल?

बरेच काही. हायड्रॉक्सीयुरिया हे जुने, स्वस्त औषध वेदनांचे झटके कमी करते. पण ते नियमित घ्यावे लागते आणि तपासण्या सुरू ठेवाव्या लागतात. म्हणून ते प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम मिळायला हवे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णांच्या नोंदी, पाठपुरावा आणि पुढच्या चाचण्यांसाठी गोंडी-हलबीत समुपदेशन, हे सारे तिथून उभे करता येईल.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे लक्ष्य ७ कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत आजार हटवण्याचे आहे. पण तपासणीचा आकडा म्हणजे उपचार नव्हे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे त्या जोडप्याला वेळेत, समजेल अशा भाषेत सांगणारा माणूस गावात असायला हवा.

शास्त्रज्ञाचा प्रभाव त्याचे शोधनिबंध किती जणांनी उद्धृत केले यावरून मोजतात, आणि मूलभूत संशोधनाला पैसा व वेळ मिळालाच पाहिजे. पण प्रयोगशाळेने आपले काम करून दाखवले आहे. आता परीक्षा आरोग्य व्यवस्थेची आहे. तिचे गुण सालेकशाच्या आरोग्य केंद्रात गोळी मिळते की नाही, यावर ठरतील.