पाचवं चाक आणि दारावरचं पिवळं स्टिकर

गेले तीन शनिवार आम्ही दोघं ट्रेलर बघत फिरतोय. राहतो सॅक्रामेंटोजवळ. टाहो दोन तासांवर, योसेमिटी तीन-चार तासांवर. तंबूत झोपून झोपून बायकोची पाठ धरली, तेव्हा ठरलं की एक छोटासा फिफ्थ व्हील घ्यायचा. दोघांपुरता. आजचा लेख त्या शोधाबद्दल आहे, आणि मी थोडा चिडलेला आहे हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखालच्या हुकाला जोडतात. फिफ्थ व्हील मात्र पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे बसवलेल्या हिचला अडकवतात. नाव आलंय घोडागाडीवरून. पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवं चक्र बसवायचे, ते पाचवं चाक. वजन थेट आसावर येत असल्यामुळे ट्रेलर शेपटीसारखा डुलत नाही. पुढचा भाग हौद्यावर येतो, त्यामुळे एकूण लांबी वाचते. आणि त्या वरच्या भागात कायमचा पलंग असतो, रोज रात्री जेवणाचं टेबल मोडून गादी करावी लागत नाही. जोडप्यासाठी कल्पना झकासच आहे.

आता झालं काय ते ऐका.

आमच्याकडे हाफ टन ट्रक आहे. (हाफ टन म्हणजे एके काळी खरंच हजार पौंड वाहून नेणारा. आता ते फक्त नाव उरलंय.) एका विक्रेत्याने आम्हाला 28 फुटी फिफ्थ व्हील दाखवला. आत शेकोटीचा टीव्हीसारखा पडदा, बेटासारखा ओटा, दोन स्लाइड-आउट. बाहेर मोठ्या अक्षरांत 'हाफ टन टोएबल'. माहितीपत्रकात रिकामं वजन 6,400 पौंड, पिनवरचं वजन 1,150. गडी म्हणाला, "तुमचा ट्रक दहा हजार पौंड खेचतो. डोळे झाकून घ्या."

मी डोळे उघडे ठेवून ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं. तिथल्या खांबावर एक पिवळ्या पट्ट्याचं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि त्यात ड्रायव्हरही धरायचा असतो. आमचा आकडा 1,560 पौंड. साधारण 708 किलो.

आता हिशोब करू. माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं. कोण रिकामा ट्रेलर घेऊन फिरायला जातं? एक गॅलन पाणी 8.3 पौंडांचं. 50 गॅलनची टाकी भरली की 415 पौंड झाले. गॅसच्या टाक्या, बॅटऱ्या, भांडीकुंडी, कुकर, कपडे, खुर्च्या... भरल्यावर तो ट्रेलर सहज 8,000 पौंडांवर जातो. त्याचा वीसेक टक्के भार पिनवर येतो, म्हणजे 1,600. हिच 200. आम्ही दोघं 310. ट्रकमधली हत्यारं, कूलर वगैरे 100. बेरीज 2,210.

स्टिकर म्हणतं 1,560. म्हणजे 650 पौंड जास्त. आमच्या मागे चार धडधाकट माणसं विनातिकीट बसलीयत!

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. सर्व्हरचा सीपीयू 60 टक्क्यांवर आहे म्हणून तुम्ही खुशाल लोड वाढवत नेता, आणि मशीन मरतं मेमरी संपल्यामुळे. खेचण्याची क्षमता हा सीपीयू आहे, दारावरचं स्टिकर ही मेमरी. फिफ्थ व्हीलमध्ये मेमरी नेहमी आधी संपते. विक्रेता मात्र दिवसभर सीपीयूचाच आलेख दाखवतो.

आणि माहितीपत्रकातला पिनचा आकडा पुढे वाढतच जातो, कमी क्वचितच होतो. कारण सामान ठेवायची मोठी जागा, कपाट, पलंग, बहुतेकदा बॅटऱ्या आणि गॅसही पुढच्याच बाजूला. गंमत म्हणजे हे कळायला इंजिनियरिंगची पदवी लागत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गाडीवानाला विचारा. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झालं की बैलांच्या मानेवर येतं. तो गाडी भरताना आधी मानेचा विचार करायचा. आम्ही सत्तर हजार डॉलरच्या ट्रकची मान मोडायला निघालोय, आणि तेही हप्त्यावर.

मी त्या गड्याला म्हटलं, "ठीक आहे, माझ्या ट्रकला हा ट्रेलर भरलेल्या अवस्थेत चालेल एवढं एका ओळीत लिहून द्या." तो हसला. मग मॅनेजर आला. तोही हसला. लिहून कोणीच दिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, लोक तर सर्रास ओढतात, काही होत नाही. हो, सपाट रस्त्यावर काही होत नाही. पण आमच्या घरून टाहोला जायचं तर आय-80 वरून सात हजार फुटांवरची डॉनर खिंड ओलांडायची. चढताना फार तर इंजिन धापा टाकेल. प्रश्न उतरताना आहे. मागचा भाग बसलेला, टायर आपल्या मर्यादेपलीकडे, ब्रेक तापलेले, आणि पुढे कोणाची तरी छोटी गाडी, मागच्या सीटवर पोरं. खंडाळ्याचा घाट उतरताना जळक्या ब्रेकचा वास ज्याने घेतलाय त्याला जास्त सांगायला नको. "मागे एअरबॅग लाव, ट्रक सरळ दिसतो" हा सल्लाही मला मिळाला. दिसतो, बरोबर! स्टिकरवरचा आकडा त्याने एका पौंडाने वाढत नाही. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर काढून घेतल्यासारखं आहे ते.

पण सगळा दोष विक्रेत्याला देऊन मोकळा होणार नाही. निम्मा दोष आपला आहे.

मंडळातल्या एका काकांचा सल्ला: "अरे, घ्यायचाच तर मोठा घे. नंतर पस्तावशील." आईचा फोनवर प्रश्न: "आम्ही आलो की कुठे झोपायचं रे?" आई-बाबा आले तेव्हा सहा महिन्यांत कॅम्पिंगला एकदा आले, आणि तेही बाबांना हॉटेलचं संडास हवं होतं म्हणून हॉटेलात राहिले. वर्षातल्या दोन रात्रींसाठी उरलेल्या पन्नास रात्री दोन टन जास्त ओढायचं, हे कुठलं गणित? आपण घर पाहुण्यांसाठी घेतो, सोफा पाहुण्यांसाठी घेतो, चांगले कप पाहुण्यांसाठी ठेवतो. निदान ट्रेलर तरी स्वतःसाठी घ्या की!

शिवाय मोठा ट्रेलर जाणार कुठे? योसेमिटीच्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरला 24 फुटांची मर्यादा आहे. झायनमधला 1930 सालचा बोगदा 11 फूट 4 इंचांहून उंच गाडीला आपल्या लेनमध्ये मावून घेत नाही, आणि मोठे फिफ्थ व्हील बारा-तेरा फूट उंच असतात. मग उरतात शहराबाहेरचे सिमेंटचे पार्क, जिथे शेजाऱ्याचा टीव्ही आपल्याला ऐकू येतो. त्यासाठी अपार्टमेंट काय वाईट होतं?

तर मग दोघांनी घ्यायचं काय? माझा क्रम असा. आधी ट्रक, मग ट्रेलर, सर्वात शेवटी सोफ्याचा रंग. स्टिकरवरच्या आकड्यातून स्वतःचं, हिचचं आणि सामानाचं वजन वजा करा. उरेल त्याची पाचपट करा. तेवढाच भरलेला ट्रेलर तुमचा. आमचं उत्तर 4,700 पौंडांच्या आसपास येतं. या वजनात फिफ्थ व्हील मोजकेच आहेत. मिनेसोटातल्या बॅकस गावच्या स्कॅम्पचा 19 फुटी, किंवा ब्रिटिश कोलंबियातल्या चिलिवॅकचा एस्केप 5.0. नवा-जुना जसा मिळेल तसा. दोन्ही फायबरग्लासच्या कवचांचे, त्यामुळे छपराला गळणारे सांधे कमी. स्लाइड-आउट नाही, म्हणजे वजनही कमी आणि पाणी शिरायची एक वाटही कमी. आणि लहान हौद्याचा ट्रक असेल तर वळताना ट्रेलरचं नाक केबिनच्या काचेत घुसत नाही ना, हे प्रत्यक्ष जोडून, वळवून बघा.

तोटेही सांगतो, नाहीतर माझ्यात आणि त्या गड्यात फरक काय? पलंगाशी उभं राहता येत नाही, रांगत चढावं लागतं. मध्यरात्री उठायचं तर कसरत. हौदा हिचने अडतो, सायकली कुठे ठेवायच्या हा वेगळा प्रश्न. बाथरूममध्ये साबण पडला तर उचलायला बाहेर यावं लागेल. हे सगळं नको असेल तर सरळ साधा छोटा ट्रेलर घ्या. त्याच्या हुकावर दहा ते पंधरा टक्केच भार येतो, हाफ टन ट्रकला तो जास्त मानवतो. किंवा खरंच मोठाच हवा असेल तर मोठा ट्रक घ्या आणि दोन्हींचे पैसे एकत्र मोजा. मला कशालाच हरकत नाही. हरकत आहे ती छोट्या ट्रकमागे मोठं घर बांधून "होतंय की!" म्हणण्याला.

आम्ही भरलेली अनामत रक्कम परत मिळायला दोन आठवडे आणि सहा फोन लागले. गेल्या रविवारी ट्रक घेऊन महामार्गावरच्या काट्यावर गेलो, टाकी फुल्ल, आम्ही दोघं आत. ट्रक मालवाहू चालकांसाठीचे ते काटे कोणालाही वापरता येतात, पिझ्झ्याच्या पैशात काम होतं. पावती हातात आल्यावर बायको म्हणाली, "अरे, म्हणजे आपल्या दोघांत वीस पौंड तर तूच कमी केले पाहिजेस."

असो. ट्रेलर अजून घेतलेला नाही. पुढच्या शनिवारी एक जुना 21 फुटी बघायला जातोय. जाताना काट्याची पावती खिशात असेल.