सातबाऱ्याचे धनी आणि मातीचे वाली

मराठवाड्याच्या दुष्काळाविषयी आमच्या सुशिक्षित वर्गात बोलणे निघाले की दोष बहुधा दोघांच्याच माथी जातो: एक आभाळ आणि दुसरे सरकार. तिसरा एक अपराधी त्याच बैठकीत, पुष्कळदा यजमानाच्याच खुर्चीवर, बसलेला असतो. परंतु त्याचे नाव कोणी घेत नाही. ते आज आम्ही घेणार आहोत. वडिलोपार्जित जमीन गावी ठेवून शहरात राहणारा आणि ती वर्षाच्या बोलीने खंडाने लावणारा शिकलेला जमीनधनी, हाच तो अपराधी होय. आमच्या वाचकांपैकी अनेक जण ह्या वर्गातील असतील, ह्याची जाणीव ठेवूनच आम्ही हे लिहीत आहोत.

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्याचे उदाहरण घ्या. सखल भागात काळी, माळावर हलकी मुरमाड आणि सर्वांच्या तळाशी काळा पाषाण, अशी येथील जमीन. पाऊस बेताचा, जो येतो तोही पुष्कळदा थोड्या दिवसांत कोसळून जातो. अशा जमिनीत पाणी साठविण्याचे सर्वांत मोठे भांडे म्हणजे माती हीच होय. बांध शाबूत असेल आणि पेरणी उताराला आडवी असेल तर पाणी जागीच मुरते. बांध फुटका आणि तास उताराच्या दिशेने असतील तर तेच पाणी वरचा कसदार थर घेऊन ओढ्याला मिळते. हा थर तयार होण्यास शतके लागतात. जाण्यास थोडेच पावसाळे पुरतात.

आता गुढीपाडव्याची बोली कशी होते ते पाहा. धनी शहरातून येतो किंवा दूरध्वनीवरूनच आकडा ठरवितो. त्यास खंड हवा, तोही रोख. करणारास पुढील साली हीच जमीन मिळेल की नाही, ह्याची शाश्वती नसते. मग त्याने फुटलेली ताल कोणासाठी बांधावी? ज्या शेणखताचा गुण दोन-तीन वर्षे पुरतो, ते दुसऱ्याच्या रानात का घालावे? त्यास खंडापुरते रोख पैसे देणारे पीक हवे, म्हणून तो रानभर सोयाबीन पेरतो. तुरीचे तास, कडेची अंबाडी, मूग-उडीद, रब्बीची ज्वारी आणि करडई ही सारी मागे पडतात. ह्यात त्याचा दोष आम्हांस यत्किंचितही दिसत नाही. ज्याची मुदत एका वर्षाची, त्याची दृष्टीही एका वर्षाचीच असावयाची. दोष ती मुदत घालणाराचा आहे.

ह्यावर धन्याचे उत्तर ठरलेले आहे: ‘मुदत वाढविली तर जमिनीला कूळ लागेल.’ मराठवाड्यात 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याची धास्ती घराघरांत वारशाने आलेली आहे, हे आम्ही जाणतो. परंतु बांध घालण्याचा खर्च धन्याने स्वतः करावा, ह्यास कोणता कायदा आड येतो? खंडातून दहा गाड्या शेणखताची किंमत वजा करून देण्यास कोणत्या कलमाची भीती आहे? कायद्याचे भय खरे असेल. पण कंजूषपणास त्याची ढाल करणे हा निव्वळ अप्रामाणिकपणा आहे.

दुसरे उत्तर असे की, कोरडवाहू शेतीत करण्यासारखे उरलेच काय. सरकारने पाणी आणावे. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले, ते पिण्यापुरते होते. आगगाडीने माती मात्र कोणी आणून देणार नाही. आणि करण्यासारखे काय, हे शेजारच्या सोलापुरास 1933 साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले तेव्हापासून सांगितले जात आहे: समपातळीचे बांध, खत, वारंवार कुळवणी-कोळपणी, बियाणे थोडे आणि ओळींत अंतर अधिक. म्हणजे ज्ञानाची उणीव नव्हती. ते ज्याने अंमलात आणावयाचे त्याचा जमिनीवरील जीव उणा होता.

तो जीव कोठे शिल्लक आहे, हेही ह्याच मुलखाने दाखविले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात सास्तूर परिसर उद्ध्वस्त झाला. त्यानंतर लातूर-धाराशिवकडे स्त्रियांचे गट बांधून ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेने काम सुरू केले आणि पुढे त्यातूनच एक एकर शेतीची पद्धत उभी राहिली. घरच्या बाईने घरच्याच लोकांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यावयाचा. त्यात कडधान्ये, तृणधान्ये, भाज्या मिसळून लावावयाच्या. खत-औषध होईल तितके शेणगोमूत्र व पाल्यापासून करावयाचे. आधी घर खाईल, उरेल ते विकावयाचे. पिके अनेक, म्हणून एक बुडाले तरी दुसरे हाती लागते. जमीन पिकाखाली झाकलेली राहते आणि द्विदल पिकांमुळे तिला नत्र मिळते. ह्या स्त्रियांपैकी कितीकींचे नाव सातबाऱ्यावर नसते! जमिनीचा कागद ज्यांच्यापाशी नाही त्यांनी तिची काळजी वाहावी, आणि ज्यांच्या पेटीत तो जपून ठेवलेला आहे त्यांनी तिचे मांस विकावे, ही स्थिती सुशिक्षित म्हणविणाऱ्या वर्गास भूषणावह नाही.

म्हणून आमची मागणी सरकारकडे नसून वाचकांकडे आहे. येत्या पाडव्यास बोली करण्यापूर्वी एकदा पावसाळ्यात गावी जा आणि आपल्या रानातून ओढ्याकडे जाणारे पाणी कोणत्या रंगाचे आहे ते स्वतः पाहा. बांधाचा व तालीचा खर्च आपण करा. रोख खंडाऐवजी बटई पत्करा, म्हणजे वाईट सालाचा तोटा एकट्या करणारावर पडणार नाही. बोलीत तुरीचे तास आणि उताराला आडवी पेरणी ह्या अटी घाला व त्यांच्या मोबदल्यात खंड किंवा वाटा कमी करा. आणि करणाराच्या घरच्या बाईस एक एकर बिनखंडाने द्या.

एवढेही होत नसेल तर निदान दुष्काळाच्या गप्पांत आभाळास नावे ठेवणे सोडा. आभाळ दर साली काही ना काही देते. ते ठेवून घेण्याचे भांडे आपण दरवर्षी खंडाने फोडीत आहोत.