लिंगबदल शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनना या कामात नेमकं काय सापडतं?

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८ जून २०२५ रोजी टेनेसी राज्याचा एक कायदा ६ विरुद्ध ३ मतांनी कायम ठेवला. अल्पवयीन मुलांना लिंगबदलासाठी हार्मोन्स किंवा वयात येणं लांबवणारी औषधं देण्यावर हा कायदा बंदी घालतो. कोर्टापुढचा प्रश्न औषधांचा होता, शस्त्रक्रियेचा नव्हता. सोशल मीडियावर मात्र सगळं एकाच पोत्यात भरलं जातं आणि 'डॉक्टर हे पैशांसाठी करतात' या एका वाक्यात विषय संपतो.

पैसा कुठल्याही खासगी ऑपरेशनमध्ये असतो. पण या कामाची सुरुवात कुणी आणि का केली हे पाहिलं, तर हे उत्तर अपुरं वाटतं.

हॅरोल्ड गिलीज हे पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे चेहरे पुन्हा घडवणारे सर्जन. इंग्लंडमधल्या सिडकपच्या रुग्णालयात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ५,००० हून अधिक सैनिकांवर उपचार केले. कातडीचा पट्टा नळीसारखा शिवायचा आणि रक्तपुरवठा न तोडता जखमेपर्यंत न्यायचा, हे तंत्र त्यांनी तिथे रुळवलं. (कपाळाच्या कातडीने नाक घडवण्याच्या भारतीय पद्धतीकडे ब्रिटिश डॉक्टरांचं लक्ष गेलं, ते पुण्याकडच्या एका शस्त्रक्रियेचं वर्णन १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आल्यावर.) हीच नळी वापरून त्यांनी १९४६ ते १९४९ दरम्यान मायकेल डिलन या ट्रान्स पुरुषावर किमान १३ शस्त्रक्रिया केल्या. बोभाटा होऊ नये म्हणून कागदोपत्री मूत्रमार्गाचा जन्मजात दोष असं निदान लिहिलं. १९५१ मध्ये त्यांनी रॉबर्टा कॉवेल या ट्रान्स स्त्रीवर शस्त्रक्रिया केली. डिलन स्वतः डॉक्टर झाले. १९५८ मध्ये वर्तमानपत्रांनी त्यांचं गुपित फोडल्यावर ते भारतात आले, बौद्ध श्रामणेर झाले आणि १९६२ मध्ये डलहौसीत वारले.

गिलीज यांच्यासाठी ही नवी शाखा नव्हती. जबडा उडालेला सैनिक आणि डिलन, दोघांनाही आपल्या शरीरासह चारचौघांत वावरता येत नव्हतं.

स्टॅन्ली बायबर यांची गोष्ट अधिक साधी आहे. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड या खाणकामगारांच्या गावात ते सगळ्याच प्रकारची ऑपरेशनं करायचे. १९६९ मध्ये ओळखीच्या एका समाजसेविकेने त्यांना विचारलं, माझी शस्त्रक्रिया कराल का? ती ट्रान्स स्त्री आहे हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून आकृत्या मागवून त्यांनी ती केली. पुढे ते हजारोंवर पोहोचले. २००३ मध्ये त्यांनी काम मार्सी बोअर्स यांच्याकडे सोपवलं. बोअर्स स्वतः ट्रान्स आहेत आणि जननेंद्रियांचं विच्छेदन झालेल्या स्त्रियांवरही त्या पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया करतात.

अपेंडिक्स काढणारा सर्जन रुग्णाला दोन-तीनदा भेटतो, नंतर विसरतो. इथे तसं होत नाही. ट्रान्स पुरुषासाठी लिंग घडवताना बऱ्याचदा हाताची कातडी घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या आणि नसा जोडतात, त्यातून मूत्रमार्ग नेतात. हे टप्प्याटप्प्याने होतं. मूत्रमार्ग गळणं किंवा अरुंद होणं ही गुंतागुंत चांगल्या हातांकडूनही होते, म्हणून रुग्ण पुन्हा पुन्हा येत राहतो. आपल्या कामाचं पुढे काय झालं हे डॉक्टरला बघावंच लागतं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हर्नियाची खात्री तपासून करता येते. 'मी पुरुष आहे' हे कुठल्याही एक्स-रेत दिसत नाही. मानसोपचारतज्ज्ञाचं मत घेतलं जातं, तरी शेवटी समोरच्या माणसाचं ऐकून आणि त्याच्यावर विश्वास ठेवूनच निरोगी अवयवावर सुरी चालवायची असते. या कामातली जोखीम तिथे आहे आणि समाधानही तिथेच आहे.

हा विश्वास कितपत खरा ठरतो? २०२१ मध्ये २७ अभ्यासांतल्या सुमारे ८,००० रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा पश्चात्तापाचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास निघालं. मात्र अशा अभ्यासांत बरेच रुग्ण पुढे संपर्कात राहत नाहीत आणि पश्चात्तापाची व्याख्याही सगळीकडे सारखी नसते. आकडा दिलासा देणारा आहे, शेवटचा शब्द नाही.

भारतात हे ऑपरेशन डॉक्टरांच्या कितीतरी आधीपासून होत आलं आहे. हिजडा समाजात 'निर्वाण' हा विधी दाईच्या हातून, भूल न देता व्हायचा. रक्तस्राव, संसर्ग, लघवी तुंबणं हे सगळं त्यात आलं. प्रशिक्षित सर्जनचं इथे असणं म्हणजे एखाद्याचा जीव वाचणं. तमिळनाडूने सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत केली. महाराष्ट्रात २०१८ मध्ये बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा राज्यात घरोघरी त्याची चर्चा झाली. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं होतं, म्हणून ते प्रकरण थोडं वेगळं. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेत पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाखांचं संरक्षण, या शस्त्रक्रियेसह, जाहीर झालं.

पण आपल्याकडे सर्जनपुढे वेगळाच पेच आला. ओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करणं अनैतिक आणि बेकायदा आहे, असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात म्हटलं होतं. तरीही २०१९ च्या कायद्यातल्या कलम ७ ने कागदावर 'स्त्री' किंवा 'पुरुष' लिहून घेण्यासाठी शस्त्रक्रिया झाल्याचा रुग्णालयाचा दाखला मागितला. म्हणजे समोर बसलेला माणूस स्वतःच्या शरीरासाठी आला आहे की आधार कार्डासाठी, हेही आता सर्जनलाच ओळखायचं आहे.