‘जोहार’चे उत्तर कोण देणार?

दि. २५ जुलै २०२२ रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी श्रीमती द्रौपदी मुर्मू यांना राष्ट्रपतिपदाची शपथ दिली. किनवटमध्ये दूरचित्रवाणीसमोर बसून तो सोहळा पाहताना कानी पडलेला ‘जोहार’ हा शब्द आजही स्मरणात आहे. मयूरभंज जिल्ह्यातील उपरबेडा गावातून महाविद्यालयात जाणारी पहिली मुलगी देशाच्या सर्वोच्च पदावरून जनजातींच्या अभिवादनाने राष्ट्राला संबोधत होती. हा क्षण पाहावयास स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे लागली.

परंतु पुरोगामित्वाचा ठेका घेतलेल्यांना तो रुचला नाही. शपथविधीपूर्वीच ‘राष्ट्रपती भवनात मूर्ती नको’ असे म्हणून झाले. शपथविधीनंतर तीनच दिवसांत ‘राष्ट्रपत्नी’ हा शब्द उच्चारला गेला आणि त्याबद्दल पुढे लेखी क्षमा मागावी लागली. जनजातींच्या नावाने आयुष्यभर राजकारण करणाऱ्यांना त्या समाजातील एक कर्तृत्ववान स्त्री केवळ मूर्ती वाटावी, हा कुठला न्याय?

या टीकाकारांनी २०१७ सालचे झारखंड आठवावे. छोटा नागपूर व संथाल परगणा येथील कूळ कायद्यांत दुरुस्ती करणारी विधेयके राज्यपाल मुर्मू यांनी परत पाठविली. प्रश्न जनजातींच्या जमिनींचा होता आणि राज्यात सरकार त्यांच्याच पक्षाचे होते. मूर्ती असे निर्णय घेत नसते.

मात्र टीकाकारांना उत्तर दिले म्हणजे आपले कर्तव्य संपत नाही. किनवट तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. गोंड, कोलाम, आंध, परधान हे बांधव येथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. शेजारच्या आदिलाबादच्या अरण्यात १९४० साली कोमराम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना धारातीर्थी पडला, तोही जल, जंगल आणि जमीन यांसाठीच. जनजातीची जमीन बिगर जनजातीच्या हाती जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आहे; वनहक्क कायदाही २००६ सालीच झाला. कायदे पुरेसे आहेत. उणीव आहे ती ते पाळले जातात की नाही हे जागरूकपणे पाहणाऱ्या समाजाची.

शपथविधीच्या दिवशी पेढे वाटणाऱ्या मध्यमवर्गाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. कोलामाच्या पोडावरचा माणूस वनहक्काचा दावा घेऊन कचेरीत येतो, तेव्हा त्याचा अर्ज लिहून देण्यास आपल्यापैकी कोण पुढे होतो? घरी गोंडी वा कोलामी बोलणारे मूल मराठी पुस्तकापुढे अडखळते, तेव्हा त्याला कोण हात देतो? त्याच बांधवाची जमीन कोणी दुसऱ्याच्या नावावर पैसे देऊन बळकावतो, तेव्हा गावातील प्रतिष्ठित मंडळी गप्प का बसतात?

राष्ट्रपतींनी ‘जोहार’ म्हटले ते साऱ्या राष्ट्राला. त्याचे उत्तर दिल्लीने नव्हे, किनवटसारख्या प्रत्येक गावाने आपल्या वर्तनातून द्यावयाचे आहे.