एआरटी केंद्रातच तंबाखू सोडवण्याचे उपचार द्या

प्रति,
मा. विभागीय आयुक्त,
पुणे विभाग, पुणे

विषय : सातारा व सांगली जिल्ह्यांतील एचआयव्हीसह जगणाऱ्यांना बिडी, तंबाखू व व्हेप सोडण्यासाठी एआरटी केंद्रांतच मदत मिळणेबाबत

महोदय,

आम्ही सातारा व सांगली जिल्ह्यांतील एचआयव्हीसह जगणारे नागरिक, त्यांचे नातेवाईक व कार्यकर्ते. आरोग्य विभागाच्या रचनेत सातारा पुणे परिमंडळात, तर सांगली कोल्हापूर परिमंडळात येते. दोन्ही जिल्ह्यांत एकच पद्धत लागू व्हावी, म्हणून हे निवेदन आपल्याकडे देत आहोत.

१ एप्रिल २००४ पासून देशात एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी, औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळू लागली. गोळ्या नेमाने घेणारा माणूस आज शेती सांभाळतो, कारखान्यावर कामाला जातो, मुलांची लग्ने लावतो. मात्र विषाणू आटोक्यात आला तरी बिडी सुटत नाही आणि मिळालेले आयुष्य तीच खाते. डेन्मार्कमधील रुग्णांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. उपचार चालू असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांचे एचआयव्हीमुळे सुमारे ५ वर्षांचे, तर धूम्रपानामुळे सुमारे १२ वर्षांचे आयुष्य कमी होत असल्याचे त्यात आढळले.

आपल्याकडे धोका याहून मोठा आहे, कारण एचआयव्हीसह जगणाऱ्यांना सर्वाधिक गाठणारा संधिसाधू आजार म्हणजे क्षयरोग. धुरामुळे श्वासनलिकेतील जंतू बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस निकामी होतात, फुप्फुसातील रक्षक पेशी दुबळ्या पडतात. ‘नुसती वाफ’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या व्हेपमध्येही बहुधा निकोटीन व अतिसूक्ष्म कण असतात. 

एआरटी केंद्रात केवळ ‘सिगारेट ओढता का?’ एवढे विचारून भागणार नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरतात. आपल्या गावांत मिश्री लावणाऱ्या बायका स्वतःला व्यसनी समजत नाहीत. त्यामुळे मिश्रीचे नाव घेऊन विचारल्याशिवाय त्या सांगणारही नाहीत.

आमच्या मागण्या :

१. एआरटी केंद्रात दर भेटीला खोकला, ताप, वजन घटणे व रात्रीचा घाम या चार लक्षणांची विचारणा करण्याची पद्धत आहे. त्याला पाचवा प्रश्न जोडावा : बिडी, सिगारेट, व्हेप, तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री यांपैकी काय चालू आहे? उत्तराची नोंद रुग्णाच्या कार्डावर व्हावी.

२. निकोटीन गम व पॅच गोळ्यांसोबत त्याच खिडकीवर मोफत मिळावेत. तंबाखू सोडण्याची अन्य औषधे डॉक्टरांनी, ती एआरटीशी जुळतात का हे तपासूनच द्यावीत.

३. केंद्रांतील समुपदेशकांना जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षामार्फत प्रशिक्षण द्यावे आणि १८००-११-२३५६ हा मोफत मदत क्रमांक प्रत्येक केंद्रात ठळक लावावा.

४. तंबाखू सुटली नाही म्हणून कोणाचीही एआरटी थांबवू नये, अपमान करू नये. दिलेली माहिती एचआयव्ही व एड्स कायदा, २०१७ नुसार गोपनीय ठेवावी.

५. ई-सिगारेटची (व्हेपची) विक्री २०१९ च्या कायद्याने बंद आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सातारा, कराड, सांगली व मिरज येथे पानटपऱ्या व महाविद्यालयांच्या परिसरात तपासणी मोहीम घ्यावी. कारवाई विकणाऱ्यावर व्हावी, सवय लागलेल्याला उपचारांकडे पाठवावे.

६. रुग्णालयांचे आवार व एसटी स्थानकांवर २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातील धूम्रपानबंदी पाळली जावी.

यासाठी नवी इमारत किंवा नवे खाते लागणार नाही. गोळ्या न्यायला रुग्ण केंद्रात येतोच, त्याच फेरीत हा उपचार व्हावा. दोन्ही जिल्हाधिकारी व दोन्ही परिमंडळांचे आरोग्य उपसंचालक यांची संयुक्त बैठक बोलावून ३१ मे या जागतिक तंबाखूविरोधी दिनापूर्वी अंमलबजावणीचे लेखी आदेश द्यावेत, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील एचआयव्हीसह जगणारे नागरिक, नातेवाईक व कार्यकर्ते
(गोपनीयतेसाठी सह्या स्वतंत्र बंद लिफाफ्यात जोडल्या आहेत.)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
१. मा. जिल्हाधिकारी, सातारा
२. मा. जिल्हाधिकारी, सांगली
३. मा. प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, मुंबई